वाइनच्या पिपातली सिंगल माल्ट: आधी कोरी, मग चमच्यानं पाणी

चार वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ परदेशातून येताना ड्यूटी फ्रीमधून एक सिंगल माल्ट घेऊन आला. पन्हाळ्याच्या पायथ्याला मित्राच्या मळ्यावर आम्ही सहा जण बसलो होतो. चुलीवर तांबड्या रश्श्याला उकळी आलेली. व्हिस्की शेवटचे काही महिने रेड वाइनच्या पिपात मुरवली आहे, असं खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. प्रत्येकाला मोठा पेग, वर काठोकाठ सोडा आणि दोन-दोन बर्फाचे खडे. "कशी काय?" भावानं विचारलं. "लय भारी," सगळे एका सुरात म्हणाले. खरं तर मला सोडा आणि रश्श्यातला लसूण, एवढंच लागलं होतं. पाऊण तासात बाटली आडवी.

रिकामी बाटली मी मनी प्लँटसाठी घरी आणली. सकाळी धुवायच्या आधी बूच काढून सहज नाकाला लावली, तर आत बेदाणे होते, ओलं लाकूड होतं, आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत नव्या जोडांच्या ढिगाशेजारी उभं राहिल्यावर येतो तो वासही होता. रात्री ग्लासात यातलं काहीच नव्हतं. नंतर आकडेमोड केली. ४६ टक्के मद्यार्काच्या ६० मिली व्हिस्कीत २०० मिली सोडा घातला की जेमतेम साडेदहा टक्के उरतात. वाइनच्या पिपातली व्हिस्की आम्ही वाइनपेक्षा पातळ करून प्यालो होतो.

तेव्हापासून मी हे नीट शिकायला लागलो. आपल्याकडे या बाबतीत दोनच पार्ट्या असतात. एक मळ्यावरची, म्हणजे आमची. दुसरी "पाणी कसलं घालतोस भावा, कोरी मार" म्हणणारी, जणू ग्लासासमोर नाही, तालमीत उतरलोय. दोघांनाही पाणी म्हणजे दारूचा जोर कमी करायची वस्तू वाटते. मला पाण्याचा वेगळाच उपयोग सापडला. वाइनच्या पिपातल्या व्हिस्कीत दोन लाकडांचा जोड असतो, आणि तो सांधा कसा बसलाय हे पाण्याचे काही थेंब घातल्यावरच कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सांध्यापर्यंत पोचण्यासाठी आहेत.

जे पीत नाहीत त्यांनी एवढ्यासाठी सुरू करायची गरज नाही. पिणाऱ्यांनी मात्र एका संध्याकाळी ४० मिलीत भागवायची तयारी ठेवावी.

काय काय जमवायचं

कागद:
- मद्यसेवन परवाना (त्यासाठी वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो)
- बाटलीचं बिल

साहित्य:
- तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे दोन सारखे ग्लास
- ते झाकायला दोन बश्या
- मेडिकलमधून आणलेली ५ मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली
- पेग मोजायचं माप
- उकळून थंड केलेलं पाणी
- साधा पाव
- वही आणि पेन
- पाच वाट्यांत थोडं थोडं: बेदाणे, काकवी, सुकं खोबरं, लवंगा, हिरड्याची पूड

शेवटची ओळ वाचून हसू नका. या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

१. आधी परवाना

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, हे निम्म्या पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. मी आजन्म काढला, १००० रुपये पडले. अर्ज ऑनलाइन करता येतो.

इथला खास खड्डा म्हणजे गोवा. घाट उतरलं की दोन-तीन तासांत स्वस्त बाटल्या, त्यामुळे येताना डिकीत दोन टाकायची सवय पुष्कळांना असते. गोव्यात विकायची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि घाटाखाली-घाटावर तपासणी असते. दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊन गाडी अडकवून घेऊ नका. परदेशातून येत असाल तर प्रवाशामागे २ लिटरपर्यंत सवलत आहे, त्याचं बिल जपून ठेवा.

२. लेबल वाचा, किंमत नंतर

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या जवापासून (बार्लीपासून) गाळलेली व्हिस्की. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे मळी कशी असते आणि तिच्यापासून स्पिरिट कसं होतं हे सांगायला नको. बाजारातल्या कित्येक स्वस्त देशी व्हिस्क्यांचा पाया तेच मळीचं स्पिरिट असतं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. माल्टमध्ये गूळ-काकवीसारखा वास आला तर तो उसाचा नसतो. पीप आतून भाजताना लाकडातली साखर करपते, तिचा तो वास.

आता "फिनिश". व्हिस्की आधी काही वर्षं बहुतेक करून अमेरिकेतल्या जुन्या बर्बनच्या (तिथल्या मक्याच्या व्हिस्कीच्या) पिपात राहते. बर्बनला कायद्यानं दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओक लाकडाचं पीप लागतं, म्हणून वापरलेली पिपं जगभर विकली जातात. हे पीप साधारण २०० लिटरचं. मग शेवटचे काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, ती वाइनच्या पिपात हलवतात. ते साधारण २२५ लिटरचं. त्याच्या फळ्यांत मुरलेली वाइन, फळांचा अंश आणि लाकडाचा तुरटपणा व्हिस्कीत उतरतो. स्कॉटलंडमधल्या बालव्हेनी डिस्टिलरीत डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही दोन पिपांची पद्धत वापरली, आणि १९९३ मध्ये 'डबलवुड' बाजारात आली. त्यात वाइन म्हणजे शेरी होती.

वाइन कोणती, यावर बरंच ठरतं. शेरी आणि पोर्ट यांत वरून स्पिरिट घातलेलं असतं. त्यांची पिपं खारीक-मनुकांकडे झुकतात. सोतेर्नसारख्या गोड पांढऱ्या वाइनचं पीप मध आणि जर्दाळूकडे नेतं. साध्या रेड वाइनचं पीप आंबट-तुरट: जांभूळ, करवंद, कोकम.

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी देशी नावं पुष्कळ आहेत. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची 'आसव' कॅबर्ने सोव्हिन्यॉन या भारतीय रेड वाइनच्या पिपात फिनिश केलेली, ४५ टक्क्यांची. हरियाणातल्या इंद्रीच्या 'त्रिनी'त बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तिन्ही पिपं, ४६ टक्के. बंगळुरूच्या अमृतची 'पोर्तोनोव्हा' पोर्टच्या पिपातली, थेट ६२.१ टक्के. ती पहिली बाटली म्हणून घेऊ नका. मी 'आसव'पासून सुरुवात केली, आणि खरं कारण नाव होतं. आजीच्या फडताळात द्राक्षासवाची तपकिरी बाटली असायची. अशक्तपणाला म्हणून दोन चमचे मिळायचे आणि आम्ही भावंडं मुद्दाम अशक्त व्हायचो.

लेबलावरच्या तीन गोष्टींनी फसू नका. वय हा एकमेव निकष नाही. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, आपल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे इथली व्हिस्की लवकर मुरते आणि बहुतेक देशी बाटल्यांवर वय नसतंच. रंगावरही जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, गडद म्हणजे जुनी असं गणित नाही. आणि "वाइन फिनिश" म्हणजे वाइन मिसळलेली, असंही नाही. पिपात मुरलेली होती तेवढीच.

३. वेळ, जागा, पाणी

मिसळ किंवा रस्सा खाल्ल्यावर निदान तीन तास यात पडू नका. लवंगी मिरचीनं भाजलेल्या जिभेला ४५ टक्क्यांचा मद्यार्क म्हणजे नुसती आग. मी जेवणाआधी, साताच्या सुमारास बसतो. पण तिन्हीसांजेला घरात उदबत्ती लागते, हे पहिल्या दोन वेळा लक्षातच आलं नाही. वहीत "चंदन" लिहून मोकळा झालो होतो. आता गच्चीत बसतो.

एप्रिल-मेमध्ये खोलीच ३३-३४ अंशांवर असते. एवढ्या उकाड्यात ग्लासातून मद्यार्काची वाफ इतकी उठते की बाकी वास दबतात. बाटली पंधरा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून काढा. बर्फ मात्र नको. गार जिभेला तुरटपणा तेवढा कळतो आणि फळं गायब होतात.

ग्लास आधी नुसता हुंगून बघा. भांड्यांच्या साबणाचा लिंबू वास आला तर कढत पाण्यानं विसळून उपडा घाला. पुसायला ताजा धुतलेला पंचा. 'ग्लेनकेर्न' म्हणून या कामाचाच ग्लास मिळतो, २००१ मध्ये आला. नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. रुंद तोंडाचा नेहमीचा ग्लास नको, त्यातून वास गोळा होत नाही.

पाण्याच्या बाबतीत माझी फजिती ऐका. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून मी हुशारीनं माठाचं पाणी घेतलं. माठ त्याच आठवड्यात कुंभारवाड्यातून आणलेला. वहीत मोठ्या अभिमानानं लिहिलं, "पाणी घातल्यावर पहिल्या पावसाचा वास". पुढे तीन वेगवेगळ्या बाटल्यांसमोर हेच लिहिलं आणि मित्रांना सांगितलंही. चौथ्या वेळी माठ फुटला, फिल्टरचं पाणी घेतलं आणि पहिला पाऊस गेला. उकळून, निववून, खोलीच्या तापमानाला आलेलं साधं पाणी घ्या. बोअरचं जड पाणीही नको.

४. पाच वाट्या

बाटल्यांच्या खोक्यांवर "रास्पबेरीचा जॅम, ब्लॅककरंट, सिगारचा डबा" असं काहीबाही असतं. मी ब्लॅककरंट आयुष्यात खाल्लेलं नाही, ते सापडणार कसं? म्हणून आपल्या घरातल्या वासांचीच मोजपट्टी करायची. बाटली उघडण्याआधी पाचही वाट्या डोळे मिटून हुंगा, एकेक कण तोंडात टाका.

खोबरं आणि लवंग हे ओकचे वास. लवंगेत जे युजेनॉल असतं ते ओकच्या लाकडातूनही उतरतं. खोबऱ्यासारखा वास ओकमधल्या लॅक्टोनमुळे येतो आणि अमेरिकन ओकात तो जास्त. व्हॅनिला हाही लाकडाचाच. ही सगळी पहिल्या पिपाची खूण. काकवी म्हणजे भाजलेलं लाकूड, दोन्ही पिपांकडून थोडं थोडं.

बेदाणे वाइनच्या बाजूचे. तासगावचे असतील तर उत्तम, शेजारचेच आहेत.

आणि हिरडा. ही वाटी खास कोल्हापूरची. आपल्या चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत पकवतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, कातड्याला धरतं, म्हणून ते कुजत नाही. द्राक्षाच्या सालीत आणि ओकच्या लाकडातही टॅनिन असतं. चिमूटभर पूड जिभेवर ठेवा: लाळ आटते, गाल आत ओढले जातात, दातांवर साय धरल्यासारखी वाटते. ही चव नाही, हा स्पर्श आहे. वाइनच्या पिपातून व्हिस्कीत नेमका हाच उतरतो. नव्या माणसाला तो "कडू" वाटतो आणि तो व्हिस्की नापास करतो. एकदा हिरडा चाखला की कडू आणि तुरट यांची गल्लत होत नाही. त्यानंतर मात्र पाव खा, पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा.

सहावी वाटी जवाची हवी होती, पण ती मांडायची गरज नाही. धान्याचा वास ओळखायला लहानपणी दुधात घालायची माल्टची पावडर आठवली तरी पुरे.

५. ओतायचं किती

दोन्ही ग्लासांत २०-२० मिली. दोघे असाल तर प्रत्येकी एक जोडी. एक ग्लास शेवटपर्यंत कोरा, दुसऱ्यात पाणी. एकाच ग्लासात आधी कोरी चाखून मग पाणी घातलं तर तुलना आठवणीवर चालते, आणि मद्यार्क पोटात गेलेल्या माणसाच्या आठवणीवर फार विसंबू नये.

बश्या झाकून दहा मिनिटं ठेवा. उजेडात धरून रंग बघा, पाच सेकंदांत. रेड वाइनच्या पिपातल्या व्हिस्कीला कधी कधी तांबूस, कोकमाच्या आगळासारखी झाक असते. दिसली तर दिसली.

६. नाक

वाइनचा ग्लास गरगर फिरवतात तसा हा फिरवू नका. नुसता मद्यार्क उसळून वर येतो. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. नाक झोंबलं की मागे. पहिल्या दोन हुंगण्यांत काही कळत नाही, ते सोडून द्या. तिसऱ्यापासून वही उघडा.

वास येईनासा झाला तर स्वतःच्याच कोपराच्या आतली बाजू हुंगा आणि परत या. आपल्या अंगाच्या वासाची नाकाला सवय असते, त्यामुळे ते ताळ्यावर येतं. पाहुण्यांसमोर विचित्र दिसतं, पण उपयोग होतो.

स्वतःला तीनच प्रश्न विचारा. धान्य कुठे आहे? पहिलं पीप कुठे आहे? वाइन कुठे आहे? कोऱ्या ग्लासात बहुतेक वेळा तिन्हींची खिचडी असते. माझ्या पहिल्या पानावर फक्त "बेदाणे, लाकूड, झोंबतंय" एवढंच आहे आणि ते बरोबरच होतं.

७. कोरा घोट

पहिला घोट चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा. तो जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवायचं नाही. दुसरा घोट तेवढाच, पण तोंडात दहा आकडे मोजेपर्यंत धरा. सुरुवातीला गोडी येते का, मध्ये आंबटपणा येतो का, हिरड्यांशी (दातांच्या, वाटीतल्या नव्हे) तुरटपणा कधी सुरू होतो. मग गिळा, तोंड मिटा आणि नाकानं श्वास सोडा. निम्मी चव या श्वासातच असते. थुंकायचं असेल तर खुशाल थुंका, त्यात अपमान काही नाही.

गिळल्यावर जे मागे रेंगाळतं त्यालाही "फिनिश"च म्हणतात. पिपाचं फिनिश वेगळं, घशातलं फिनिश वेगळं. शब्द एकच असल्यानं मी बरेच दिवस गोंधळलो होतो. "लाँग फिनिश" वाचून मला वाटायचं की वाइनच्या पिपात जास्त दिवस ठेवलेली.

घसा जळत असेल तर माघार घ्या. कोरी पिऊन दाखवण्याचं बक्षीस कुणी ठेवलेलं नाही.

८. पाणी: इथं घाई करू नका

आता दुसरा ग्लास आणि सिरिंज. अंदाजानं, बाटलीतून, "थोडंसं" पाणी घालायचं नाही. मोजून. ४५ टक्क्यांच्या २० मिलीचा हिशेब असा:

- २.५ मिली पाणी: साधारण ४० टक्के
- एकूण ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा: ३६ टक्के
- एकूण १० मिली: ३० टक्के

बाटली ६२ टक्क्यांची असेल तर २० मिलीत ७ मिली घातल्यावर ती कुठं ४६ वर येते. तिथून पुढे हाच क्रम.

प्रत्येक वेळी पाणी घातलं की दोन-तीन मिनिटं झाकून ठेवा, मग हुंगा, मग अर्धा चमचा घोट. मध्ये मध्ये कोऱ्या ग्लासाकडे जाऊन या.

यामागचं कारणही रंजक आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन रसायनतज्ज्ञांनी संगणकावर पाणी, मद्यार्क आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण मांडून पाहिलं. ग्वायकॉल म्हणजे व्हिस्कीतला धुरकट वास देणारा एक पदार्थ. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ जमतो, नाकाच्या वाटेवर. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की मद्यार्काचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. सगळ्या वासांची कथा एकसारखी नसते, पण दोन थेंबांनी ग्लास "उघडतो" असं जुने पिणारे म्हणतात त्यात तथ्य आहे.

माझ्या ग्लासात काय होतं ते सांगतो. २.५ मिलीवर झोंबणं जातं आणि खोबरं-व्हॅनिला पुढे येतं. मघाशी बेदाण्यांच्या मागे लपलेलं पहिलं पीप आता दिसतं. ५ मिलीवर फळ बदलतं: सुकलेले बेदाणे जाऊन ओलं जांभूळ येतं, जीभ जांभळी झाल्यावर जे आंबट-तुरट लागतं तसं. माझ्या मते ही बहुतेक बाटल्यांची सगळ्यात चांगली जागा आहे. १० मिलीवर धान्य वर येतं, माल्टच्या पावडरीसारखं, आणि तुरटपणा एकटा पडतो.

या शेवटच्या पायरीवर सांधा कळतो. चांगल्या फिनिशमध्ये ३० टक्क्यांवरसुद्धा जांभूळ, खोबरं आणि धान्य एकमेकांना धरून असतात, फक्त आवाज लहान झालेला. वाइनच्या पिपात घाईनं किंवा नको इतकी ठेवलेली असेल तर पाणी घातल्यावर ती उसवते. वर आंबट वाइन, खाली कच्चं स्पिरिट, मध्ये ओल्या फळीचा कडवटपणा. नव्या चौकटीला पहिल्या पावसाळ्यात फट पडते तशी. कोरी असताना मद्यार्काची झणझण हे सगळं झाकून टाकते. एका बऱ्याच महागड्या बाटलीनं माझ्याशी असंच केलं. कोरी असताना मी तिला वहीत दहापैकी नऊ दिले होते. ५ मिली पाण्यावर सहा, १० मिलीवर मी पाव खात बसलो.

तेव्हा ३० टक्क्यांचा ग्लास ही परीक्षा आहे, प्यायची पद्धत नव्हे. परीक्षा झाली की आपल्याला आवडलेल्या टप्प्यावर परत या.

पाणी घातल्यावर व्हिस्की थोडी धुरकट, गढूळ दिसली तर घाबरू नका, दुकानदाराशी भांडूही नका. थंड करून गाळलेली नसेल तर तिच्यातले तेलकट अंश पाण्यानं वेगळे होतात, एवढंच. उलट मला ते बरं लक्षण वाटतं.

९. वही

तारीख, बाटली, टक्के, किती पाणी, काय आलं. शब्द आपले वापरा. माझ्या वहीत "गुऱ्हाळाच्या कडेला चिपाडांचा ढीग", "कपाटातली जुनी पैठणी", "जांभळाची बी चोखून थुंकल्यावर" अशा नोंदी आहेत. दुसऱ्या कुणाला कळणार नाहीत, मला बरोबर कळतात. आकड्यांत गुण द्यायचे असतील तर पाणी घातल्यावर द्या.

दोघं-तिघं असाल तर आपापलं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकानं मोठ्यानं "बेदाणे" म्हटलं की सगळ्यांना बेदाणेच येतात. मळ्यावरच्या "लय भारी"चंही तेच झालं होतं.

१०. उरलेली बाटली आणि घरी जाणं

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या मद्यार्कानं बूच खराब होतं. उन्हापासून लांब, खोक्यातच. एक तृतीयांशाखाली आली की आतल्या हवेनं चव बदलायला लागते, तेव्हा ती सणासुदीला म्हणून वर्षानुवर्षं टाकून ठेवू नका.

४५ टक्क्यांच्या ४० मिलीत १८ मिली निव्वळ मद्यार्क असतो. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि "मी तर नुसतं चाखलं" हे यंत्राला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या घरी असाल तर रिक्षानं या.

आणि ग्लास रात्री धुवू नका. तळाशी दोन थेंब राहू द्या, बशी काढून टाका आणि ओट्यावर तसेच ठेवा. सकाळी चहाच्या आधी हुंगा. मद्यार्क उडालेला असतो, काचेला चिकटून फक्त लाकूड आणि वाइन उरलेली असते. कोरा ग्लास वेगळा येतो, पाण्याचा वेगळा. गेल्या रविवारी माझ्या कोऱ्यात काकवी होती. पाण्याच्या ग्लासात मला काही नाव सापडेना, म्हणून आईपुढे धरला. तिनं एकदाच हुंगला आणि म्हणाली, "खारकेचं लोणचं. यात कशाला ठेवलंवतंस?"

वहीत तेच लिहिलं आहे.